'पूर्णपणे निःशब्द' पंख्याची घरघर

काल रात्री साडेअकराला, घरात निजानीज झाल्यावर, एकट्या व्हायोलिनचा अखेरचा सूर विरत चालला होता आणि मी श्वास रोखून बसलो होतो. सूर विरला. त्याच्या जागी 'टर्रर्र... टक्, टर्रर्र... टक्' अशी घरघर तेवढी उरली. ज्या पंख्याच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'पूर्णपणे निःशब्द' असे छापले आहे, तोच हा पंखा, आणि ॲम्प्लिफायरच्या झाकणावर त्याला विराजमान होऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत डेसिबलचा एक आकडा आहे. तो किती अंतरावरून मोजला, मोजताना पंखा उभा होता की आडवा, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा (ज्याची दांडी गोळ्यांऐवजी साध्या नळीत फिरते असा) पंखा आडवा निजवला की लवकर कुरकुरू लागतो, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्यातच पाती झाकणाच्या जाळीला जवळजवळ टेकलेली असल्याने हवा फाटून शीळ निघते, आणि खालची लाकडी फळी त्या थरथरीला ध्वनिपेटीसारखी साथ देते.

मुळात पंखा लावण्याची वेळ यावीच का? क्लास एबी या प्रकारचा ॲम्प्लिफायर गाणे वाजो न वाजो, थोडीबहुत ऊब सोडतच बसतो. त्याचे पंखे (हीटसिंकचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पातळ पत्रे, हवेचे नव्हेत) उभे ठेवून वर ओंजळभर मोकळी जागा दिली, तर गरम हवा आपसूक वर जाते. परंतु संगीताच्या कपाटाचे आरेखन करणारे महाभाग मागची फळी बंद करून पुढे काचेचे दार बसवतात, जणू आत ॲम्प्लिफायर नव्हे, फुलदाणी राहणार आहे. घरातल्या मंडळींनी वर टाकलेल्या भरतकामाच्या रुमालाबद्दल मी बोलणारच नाही. 'क्लास डी घ्या, तो तापतच नाही' असे सांगणाऱ्यांबद्दलही नाही. फक्त विचारतो, की डोके दुखले म्हणून डोके बदलतात का? आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या डबीचे) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळ हिशेबाने निम्म्यावर येते, म्हणून तर हा सारा खटाटोप.

ते कपाट मी स्वतःच पसंत केले होते, तेही केवळ त्या काचेच्या दाराकरिता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

तर रात्री बाराच्या सुमारास मी मागच्या फळीला करवतीने भोक पाडले, त्या आवाजाने सारे घर जागे केले, १२० मिलिमीटरचा तोच पंखा उभा करून रबरबँडांवर त्या भोकात टांगला आणि १२ व्होल्टऐवजी त्याला ५ व्होल्ट दिले. वेग निम्म्यावर आणला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि एरवी साचून राहणाऱ्या गरम हवेला एवढी मंद झुळूकही पुरेशी असते. झाकणावर हात निवांत ठेवता येऊ लागला. घरघर थांबली, शीळ थांबली, व्हायोलिनचा सूर पूर्ण विरला.

फक्त ५ व्होल्टवर हा पंखा थांबलेल्या अवस्थेतून फिरायला उठत नाही. ७ व्होल्टवर उठतो, पण मग शीळही त्याच्याबरोबर उठते. त्यामुळे ॲम्प्लिफायर चालू करताना कपाटामागे वाकून, पेन्सिलीच्या टोकाने पात्याला हलकेच ढकलावे लागते. पेन्सिल आता रिमोटशेजारीच ठेवली आहे.