कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना फुकट नाही
‘कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना फुकट, गरिबांना अडचणच नाही,’ असा मेसेज फिरतोय. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे बहुतेक दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणारं तिथलं सरकारी कॉलेज.) तो चुकीचा आहे. १९८४पर्यंत राज्यातल्या विद्यार्थ्यांना शुल्क नव्हतं, हे खरं. पण २०१२पासून ते एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला), ४६ डॉलर आहे. १२ युनिटांच्या सत्राला ५५२. कमी उत्पन्न असलेल्यांना ते माफ होतं, मात्र अर्ज करावा लागतो. आणि माफी फक्त शुल्काची. पुस्तकं, बसभाडं, घरभाडं चुकत नाही. दिवसभर दुकानात उभी राहून संध्याकाळी वर्गाला येणारी आई मूल सांभाळणारीला पैसे मोजूनच येते. तिला ‘फुकट शिकते’ म्हणणं अन्यायाचं आहे. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी तर नीट लक्षात घ्यावं: ही माफी त्यांना नाही, आणि त्यांचं शुल्क कितीतरी पट जास्त असतं.