झाकली मूठ आणि पाच कुटुंबांची बैठक

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'ग्रुप थेरपी म्हणजे घरची धुणी चव्हाट्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. परके आपल्या घराचं काय भलं करणार? गप्पा मारून कुठे नाती सुधारतात!'

इथे गोष्ट आहे ती पाच-आठ कुटुंबांनी एकत्र बसून एकमेकांच्या घरच्या अडचणींवर तोडगा काढण्याच्या गटाची. चव्हाट्याची भीती खोटी नाही. लोकमान्य नगरात कुणी शिंकलं तर रामबागेत कळतं. म्हणूनच गट सुरू होण्याआधी चालक, म्हणजे गट चालवणारा तज्ज्ञ, प्रत्येक कुटुंबाला वेगळं भेटतो. गटात ओळखीचं घर निघण्याची शंका असेल तर तेव्हाच सांगून दुसरा गट मागावा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गुप्ततेसाठी उपचार करणाऱ्यांना बांधतो. शेजारच्या खुर्चीतल्या काकूंना बांधतो तो फक्त त्यांनी दिलेला शब्द. तेव्हा पहिल्याच दिवशी सगळं ओकायचं नसतं. गप्प बसायचीही मुभा असते.

परक्यांचं म्हणाल, तर अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं. नातेवाईक एकमेकांचं बघून शिकत. हे विलायती खूळ नव्हे. आणि सुनेचं जे बोलणं सासूबाईंना उलट उत्तर वाटतं, तेच दुसऱ्या घरच्या सासूबाई बोलल्या की कानात शिरतं.

राहिल्या गप्पा. मनोविकारतज्ज्ञ विल्यम मॅकफार्लेन यांची अशा गटांची पद्धत मुळात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी बसवलेली: 5 ते 8 कुटुंबं, दोन चालक, पंधरवड्यातून एकदा 90 मिनिटं. पहिली 15 मिनिटं खरोखरच गप्पा, आजार आणि भांडणं सोडून. मग 20 मिनिटं प्रत्येक घरची खबरबात, 5 मिनिटांत एकच अडचण निवडायची, 45 मिनिटं तिच्यावरच, शेवटी 5 मिनिटं पुन्हा गप्पा.

खरी मेख अडचण मांडण्यात आहे. 'सून मान देत नाही' यावर काहीच करता येत नाही. 'ती साडेसातला घरी येते, तोवर सासूबाई पोळ्या लाटून मोकळ्या झालेल्या असतात आणि मग जेवणभर अबोला' यावर करता येतं. सगळ्यांनी उपाय सुचवायचे, फळ्यावर लिहायचे. यादी संपेपर्यंत 'हे आमच्याकडे नाही चालणार' म्हणायला बंदी. मग एकेकाचे फायदे-तोटे. निवड मात्र त्या घरानेच करायची: समजा, मंगळवारी आणि शुक्रवारी पोळ्या सुनेच्या, जेवण साडेआठला. पुढच्या बैठकीत पहिली विचारपूस याचीच. जमलं नसेल तर अडचण आणखी लहान करायची.

बिघडतं कुठे? एकच घर सगळा वेळ खातं आणि चालक भिडेखातर थांबवत नाही. किंवा नवरोबा 'हिला जरा समजवा' म्हणून बायकोला आत सोडतात आणि स्वतः कोपऱ्यावर पोहे-जलेबी खात बसतात. सगळ्यात वाईट म्हणजे परतताना गाडीतच 'तू तिथे ते का बोललीस?' सुरू होतं. त्या रात्री बैठकीचा विषय काढायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावा.

त्या मजकुरातून नेमकी धोक्याची जागाच सुटली आहे. घरात मारहाण असेल, किंवा बोललं की घरी गेल्यावर भोगावं लागेल असा धाक असेल, तर ते कुटुंब अशा गटात बसवूच नये. म्हणून आधीच्या भेटीत प्रत्येकाला एकेकटं, दार लावून विचारलं जातं: 'घरी कुणाची भीती वाटते का?' हे न विचारता थेट खुर्च्या मांडणाऱ्याकडे जाऊ नका.