‘फास्ट अँड फ्युरियस’चा पहिला भाग अस्सल होता? परत बघा

‘फास्ट अँड फ्युरियस’ या गाड्यांच्या रेसवरच्या हॉलिवूड चित्रपटमालिकेच्या नव्या भागाची बातमी आली की एक पोस्ट हटकून फिरायला लागते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. ‘पहिला भाग तेवढा खरा. गाड्यांचं तंत्र अचूक, सीजीआय (संगणकावर बनवलेली दृश्यं) नाही, सत्यघटनेवर आधारलेली गोष्ट, उठसूट फॅमिलीचं पालुपद नाही, आणि कुणाला त्रास न देणारं साधं स्ट्रीट रेसिंग. नंतर यांनी गाडी अवकाशात नेली आणि सगळ्याचा विचका झाला.’

अवकाशाचं कबूल. २०२१च्या नवव्या भागात पाँटिअॅक फिएरोला रॉकेट लावून दोघं खरोखरच वर जातात. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण २००१चा पहिला भाग नुकताच पुन्हा पाहिला, आणि ही पोस्ट लिहिणाऱ्यांनी तो शेवटचा कधी पाहिला असेल असा प्रश्न पडला.

आधी तंत्राचं बघू, कारण छाती तिथेच सगळ्यात जास्त फुगते. पहिली रेस आठवा. रेसर बनून आलेला गुप्त पोलीस ब्रायन हिरव्या मित्सुबिशी एक्लिप्समध्ये, शेजारी लाल माझदा आरएक्स-७ मध्ये रेसर टोळीचा म्होरक्या डॉम टोरेटो. ब्रायन नायट्रस (इंजिनाला जादा जोर देणारा वायू) सोडतो, लॅपटॉपवर इशारा झळकतो की मॅनिफोल्डला धोका आहे, आणि शेजारच्या सीटखालचा पत्रा बोल्ट उडून रस्त्यावर पडतो. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच, बॉनेटखाली, इंजिनाला जोडलेला. त्याच्यावर ताण आला म्हणून गाडीची फरशी कशी गळेल? गॅरेजमधल्या पोऱ्यालाही विचारायची गरज नाही.

रेस संपल्यावर डॉम ब्रायनला झापतो की तू डबल क्लच करायला हवा होतास, म्हाताऱ्या बाईसारखे गिअर टाकत होतास. ऐकायला झकास. पण डबल क्लच, म्हणजे एक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं, ही सिंक्रोमेश (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्सची गरज. जुने ट्रक चालवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला ते पायाने ठाऊक असतं. नव्वदीच्या दशकातल्या एक्लिप्सला त्याची गरज नाही, आणि ड्रॅग रेसमध्ये वरचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबलात तर फुकट वेळ जाईल. म्हणजे चित्रपटातला सर्वांत अनुभवी रेसर नवख्याला हरायचा मंत्र देतोय.

तसंच अंतराचं. रेस पाव मैलाची, म्हणजे जेमतेम चारशे मीटर. दहा सेकंदांची गाडी म्हणून सगळे जिचा जप करतात, ती एवढं अंतर दहा सेकंदांत कापते. पडद्यावरची रेस मात्र संपता संपत नाही. गिअर पडतायत, पुन्हा पडतायत, मध्ये एकमेकांकडे बघून हसणंही होतं. पुढे डॉमचा वैरी जॉनी ट्रान याची टोळी त्याच एक्लिप्सवर गोळ्या झाडते आणि नायट्रसच्या बाटल्यांमुळे गाडीचा भडका उडतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. उष्णतेने त्याचं विघटन होतं, जास्तीचा ऑक्सिजन मिळतो, म्हणून इंजिनाला जास्त पेट्रोल जाळता येतं, एवढंच. बाटली तापून फुटू शकते, पण बॉम्ब टाकल्यासारखा आगीचा लोळ ही सिनेमाची देणगी. रेस वॉर्स या स्पर्धेत डॉमच्या टोळीतल्या जेसीच्या पांढऱ्या फोक्सवॅगन जेट्टाच्या पुढच्या चाकात नीट बघितलंत तर ब्रेकचा कॅलिपरच (चाकाची डिस्क पकडणारा भाग) दिसत नाही. आणि शेवटी डॉमची १९७० ची डॉज चार्जर मागची चाकं जागेवर फिरवत धूर काढते आणि त्याच दमात पुढची चाकं उचलते. टायर घसरत असतील तर पकड नाही, आणि पकड नसेल तर नाक उचलणार कसं? दृश्य मात्र काय आहे! मी ते थांबवून पुन्हा पाहिलं.

‘सीजीआय नाही’ हे वाक्य कुठून आलं कळत नाही. नायट्रसचं बटण दाबलं की कॅमेरा नळीतून इंजिनात शिरतो, बाहेरचे दिवे रेषा होऊन मागे पळतात. ही सगळी संगणकाचीच कामगिरी. ट्रक लुटण्याचे प्रसंग बरेचसे प्रत्यक्ष स्टंटचे आहेत, शेवटी चार्जर पलटते तीही खरी, आणि त्या माणसांना सलाम. पण हिरवे निऑन लावलेल्या तीन काळ्या होंडा सिव्हिक धावत्या ट्रकला घेरतात, एकजण काच उखडून आत उडी मारतो, आणि हे सगळं कशासाठी, तर डीव्हीडी प्लेअरसाठी. याला वास्तववाद म्हणायचं असेल तर रिओच्या रस्त्यांवरून तिजोरी फरपटत नेणाऱ्या पाचव्या भागाने काय पाप केलं?

सत्यघटनेचा मुद्दा लवकर आटपतो. केनेथ ली या पत्रकाराचा ‘रेसर एक्स’ हा लेख १९९८ साली ‘व्हाइब’ मासिकात आला होता. त्याचे हक्क घेतले हे खरं. पण तो लेख न्यूयॉर्कच्या रेसर्सचा होता. लॉस एंजेलिस, टोळीत शिरलेला पोलीस आणि त्याचं डॉमच्या बहिणीवर जडलेलं प्रेम ही सगळी पटकथेची भर. चोरांशी दोस्ती जुळलेला गुप्त पोलीस हॉलिवूडला तेव्हाही नवा नव्हता. नावसुद्धा निर्माता रॉजर कॉर्मनच्या पन्नाशीच्या दशकातल्या एका चित्रपटाचं, रीतसर हक्क घेऊन वापरलेलं.

फॅमिलीचं पालुपद मात्र नंतरचं, असं म्हणणाऱ्यांनी अंगणातल्या बार्बेक्यूचा प्रसंग बघितलाच नसावा. नियम असा की चिकनला आधी हात घालेल त्याने प्रार्थना म्हणायची. जेसी सापडतो. डोकं खाली घालून तो डायरेक्ट पोर्ट नायट्रस, इंटरकूलर, बॉल-बेअरिंग टर्बो आणि टायटॅनियमच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग अशा इंजिनाच्या भागांबद्दल देवाचे आभार मानतो. रुसून निघून गेलेला टोळीतला व्हिन्स परत येतो आणि त्याच्यासाठी जागा होते. दहाव्या भागापर्यंत चाललेलं सगळं त्या टेबलावर मांडलेलं आहे. फरक इतकाच की तिथे कुणी भाषण ठोकत नाही, आणि पोस्टवाल्यांचा खरा राग बहुधा भाषणांवर असावा.

निरुपद्रवी रेसिंगचं तर अँजेलिनो हाइट्सच्या रहिवाशांना सांगून बघा. चित्रपटातलं डॉम टोरेटोचं घर लॉस एंजेलिसच्या याच जुन्या वस्तीत आहे, टोरेटोंचं किराणा दुकानही जवळच. चाहते तिथे येतात, चौकात गाड्या गोल फिरवून टायर जाळतात, रात्री-अपरात्री. २०२२मध्ये दहाव्या भागाचं चित्रीकरण आलं तेव्हा रहिवासी निषेधाला रस्त्यावर उतरले. आणि ते घर लोकांच्या डोक्यात बसवलं ते पहिल्याच भागाने.

मग पहिला भाग पुढच्यांपेक्षा वेगळा लागतो तो कशामुळे? खर्च सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, कमाई जगभरात २० कोटींच्या वर, म्हणजे निर्मात्यांची चंगळ. पण पात्रांचं गणित छोटं आहे. पहिल्या रेसला प्रत्येकी दोन हजार डॉलर लागतात आणि ब्रायनकडे तेही नसतात, म्हणून तो गाडीचे कागद पणाला लावतो. भंगारातून आणलेली टोयोटा सुप्रा उभी करायला पंधरा हजार किंवा जास्त लागतील, हा हिशेब जेसी तोंडावर मांडतो. जग वाचवायचं नाही, गाडी पूर्ण करायची आहे.

आणि हरणं महाग पडतं. जेसी ट्रानच्या होंडा एस२००० शी पैज लावतो, तीही वडिलांच्या जेट्टावर. वडील तुरुंगात आहेत, सुटून आल्यावर दोघं मिळून तिच्यातून फिरणार असा त्याचा बेत. हरल्यावर तो गाडी घेऊन पळतो. मग डॉमच्या घरासमोर ट्रानच्या मोटारसायकली येतात आणि गोळ्या सुटतात. पुढच्या भागांत लेटी मेली आणि परत आली, हान मेला आणि परत आला. जेसी मेला तो मेलाच. दहा भाग झाले, लेखकांना त्याला जिवंत करायची हिंमत झालेली नाही. पोस्टमध्ये लिहायचंच असेल तर हे लिहा, मी पण फॉरवर्ड करीन.