रस्ता अडवला की मुद्दा मरतो?

व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा: "रस्ते-रेल्वे अडवल्या की लोक चिडतात. लोक चिडले की मुद्दाच मरतो. तक्रार असेल तर कोर्टात जावं. आजवर असं करून कुणाच्या हाती काय लागलं?" त्याला बहुधा एक शेपूटही असतं: "आदिवासींना पुढं करून हे सगळं शहरातले लोक करतात." यात थोडंफार खरं आहे, म्हणूनच तो इतका फिरतो.

"लोक चिडतात." चिडतात, वाद नाही. कॅनडाचं उदाहरण घेऊ, कारण तिथं मोजणी झाली आहे. ब्रिटिश कोलंबियात 'कोस्टल गॅसलिंक' ही ६७० किलोमीटरची वायुवाहिनी वेट्सुवेटेन या मूलनिवासी लोकांच्या भूमीतून जाते. त्यांच्या परंपरागत प्रमुखांची तिला संमती नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये पोलिसांनी तिथल्या अडवणुकीवर कारवाई केली, आणि हजारो किलोमीटर लांब ओंटारियोत टायेंडिनागाच्या मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी लोकांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी रुळांशेजारी ठाण मांडलं. आठवडाभरात सीएन या रेल्वे कंपनीनं पूर्वेकडची मालवाहतूक थांबवली. प्रवासी गाड्या चालवणाऱ्या व्हिया रेल्वेनं सुमारे १,००० आणि सीएननं सुमारे ४५० कामगारांना तात्पुरतं घरी बसवलं. इप्सोस या सर्वेक्षण कंपनीच्या त्याच महिन्यातल्या पाहणीत ६१ टक्के लोकांना ही अडवणूक समर्थनीय वाटली नाही. यात नवल काय? ज्याची गाडी चुकली, ज्याचा पगार बुडाला, त्याचा वायुवाहिनीशी काडीचा संबंध नव्हता. झळ ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला न बसता तिऱ्हाइताला बसली की राग आंदोलकांवरच निघतो. अशा आंदोलनांची सर्वांत नेहमीची चूक हीच.

"चिडले की मुद्दा मरतो." मजकुराची खरी गफलत इथं आहे. त्याच पाहणीत ७५ टक्के लोक म्हणाले की मूलनिवासींचं जीवनमान सुधारण्यासाठी केंद्र सरकारनं आताच पावलं उचलावीत. २०१३ च्या तुलनेत हा आकडा १२ अंकांनी वर गेला होता. रेल्वे अडवल्यामुळे तो वाढला असं यातून सिद्ध होत नाही. मधल्या सात वर्षांत मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांच्या चौकशीचा अहवाल आला होता आणि बरंच काही घडलं होतं. पण मुद्दा मेला नव्हता, एवढं नक्की दिसतं. 'तुमची पद्धत मला मान्य नाही' आणि 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही' ही दोन वेगळी मतं आहेत, आणि एकच माणूस त्यातलं एक बाळगून दुसरं नाकारू शकतो.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये 'जस्ट स्टॉप ऑइल' या हवामानबदलाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेनं लंडनभोवतीचा एम २५ महामार्ग अडवला, तेव्हा संशोधकांनी त्याच लोकांना आधी आणि नंतर असं दोनदा विचारलं. अडवणाऱ्या संघटनेची माहिती ज्यांना जास्त झाली, त्यांना 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' ही मवाळ पर्यावरण संघटना अधिक जवळची वाटू लागली. उलट बाजूचीही संशोधनं आहेत. टोकाची कृती पाहून लोक आंदोलकांपासून मनानं दूर जातात आणि पाठिंबा घटतो, असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र त्यातले बरेचसे प्रयोग बातमी किंवा चित्रफीत दाखवून लगेच मत विचारणारे आहेत. राग ताजा असतानाचं ते माप.

म्हणून अशी पाहणी समोर आली की आधी प्रश्न वाचावा: पद्धतीबद्दल विचारलंय की मागणीबद्दल? मग तारीख पाहावी: रस्ता बंद असताना विचारलंय की सहा महिन्यांनी? आणि ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे ते नमुन्यात किती आहेत? देशभरच्या नमुन्यात ते बहुधा मूठभरच असतात.

"कोर्टात जावं." वेट्सुवेटेन आणि शेजारचे गिटक्सान गेले होते. भूमिहक्कासाठीच्या त्यांच्या 'डेल्गामूक' खटल्याची सुनावणी ३७४ दिवस चालली. १९९१ मध्ये ते हरले. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं भूमिहक्काचं तत्त्व मान्य केलं, पण हक्क कुणाचा आणि किती हे न ठरवता फेरसुनावणीचा आदेश दिला. ती कधी झालीच नाही. वायुवाहिनी आली तोवर हा प्रश्न तसाच लोंबकळत होता, आणि कंपनीला मात्र अडवणुकीविरुद्ध मनाई हुकूम मिळाला. अशा अर्जात न्यायालय प्रथमदर्शनी मुद्दा, भरून न येणारं नुकसान आणि तुलनात्मक गैरसोय पाहतं. काम थांबलं तर रोजचा तोटा किती, हे कंपनी आकड्यांत मांडू शकते. शिकारीच्या रानाला असा आकडा नसतो.

आपल्याकडे सरदार सरोवर धरणाविरुद्ध नर्मदा बचाव आंदोलन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये धरणाची उंची रोखली गेली, पण १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा निकालानं बांधकामाला वाट मिळाली. १९८७ च्या पर्यावरण मंजुरीला इतक्या उशिरा आव्हान का, असा आक्षेप बहुमतानं घेतला. म्हणजे आधी रस्त्यावर राहिलात तर 'कोर्टात जा', आणि कोर्टात गेलात तर 'उशिरा आलात'.

"हाती काय लागलं?" डिसेंबर १९९० च्या अखेरीस बडवानीहून निघालेली नर्मदा आंदोलनाची संघर्षयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथं अडवली गेली. हिंसेचा आरोप होऊ नये म्हणून आंदोलक हात बांधून तुकड्यातुकड्यांनी पुढं सरकत होते. समोर धरणसमर्थकांचा जमाव होता आणि त्याचं नेतृत्व मुख्यमंत्र्यांच्या पत्नी ऊर्मिलाबेन पटेल करत होत्या. उपोषण २२ दिवस चाललं. गुजरातचं लोकमत आंदोलनाला तेव्हा मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण धरणासाठीच्या जागतिक बँकेच्या ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचा निर्णय होता वॉशिंग्टनमध्ये. बँकेनं १९९१ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. तिचे उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडातल्या निस्गा लोकांच्या भूमिहक्काचा गाजलेला खटला लढलेले वकील, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. समितीनं १९९२ मध्ये बँकेला माघार घेण्याचा सल्ला दिला, आणि मार्च १९९३ च्या अखेरीस भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं.

धरण मात्र झालं. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, त्यात अक्कलकुव्यातलं मणिबेली सर्वांत आधी. वायुवाहिनीही २०२३ मध्ये बांधून झाली. मे २०२० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारनं वेट्सुवेटेनच्या भूमिहक्काबाबत त्यांच्याशी सामंजस्य करार केला, पण त्यात वायुवाहिनीचा प्रश्न नव्हता. हे यश अर्धंच आहे. 'काहीच नाही' असं मात्र म्हणता येत नाही.

आणि ते शेपूट. 'आदिवासींचं मत' एकच असतं, हा समज दोन्ही बाजूंना सोयीचा. वायुवाहिनीच्या मार्गावरच्या २० समुदायांच्या निवडून आलेल्या परिषदांनी कंपनीशी करार केले होते, त्यात वेट्सुवेटेनमधल्याही होत्या. विरोध परंपरागत प्रमुखांचा होता. कुणाचा शब्द अखेरचा, हा त्यांच्यातला खरा वाद आहे आणि तो बाहेरून कुणी भरवलेला नाही.

ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीबद्दल तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनाच थेट विचारलं गेलं. २००९ मध्ये त्यांनी डोंगराभोवती मानवी साखळी केली होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरावर शंभराहून जास्त वस्त्या असताना राज्य सरकारनं १२ निवडल्या. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बाराच्या बारा सभांनी खाणीला नकार दिला.