माझं नाव मध्ये आणू नका

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दहा दिवस एकच वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंनी साक्षीला मलाच उभं केलंय. भाची बारावी झाली. आता सांगलीहून पुण्याला इंजिनीअरिंगला जाणार, हॉस्टेलवर राहणार. तबला सोबत न्यायचा की नाही? काकांचा निकाल आला: "चार वर्षं कपाटावर ठेव. मामाने ठेवला, म्हणून तो आज जर्मनीत आहे." त्यावर मावसबहिणीचं उत्तर: "जर्मनीत मुलं शिकता शिकता सगळं करतात. मामालाच विचारा." मामाला अजून कुणी विचारलेलं नाही. माझ्या नावाने परस्पर वकिली चालू आहे, आणि माझ्याकडे रात्री साडेअकरा वाजता भांडी घासताना फोन टुणटुणतोय.

आधी काकांचं बघू. 2009 साली मी पुण्याला गेलो तेव्हा तबला घरी ठेवला, हे खरं. वाचलेला वेळ मी अभ्यासात घातला हे मात्र साफ खोटं. हॉस्टेलवर रोज संध्याकाळी दीड-दोन तास मी कॅरम खेळायचो. चार वर्षांत कॅरममध्ये जी तयारी झाली, तेवढ्या तासांत कुणाचाही तबल्यातला धिरधिर हा अवघड बोल मोत्यासारखा बसला असता. जर्मनीला मी गेलो ते मार्क बरे होते म्हणून, शिवाय बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले म्हणून. तबल्याने त्यात मदतही केली नाही आणि आडकाठीही. पण घरात यशाचं कारण म्हणून त्यागच लागतो. कॅरम चालत नाही.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी डॉ. श्रीराम लागूंना आणलं. बघा, आधी डॉक्टर झाले, मग नाटक. अहो, ते डॉक्टरकी शिकतानाच नाटक करत होते. कान-नाक-घशाचा दवाखाना सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले 1969 साली, चाळिशी उलटल्यावर, पण मधल्या काळात नाटक काही माळ्यावर गुंडाळून ठेवलं नव्हतं. हे मी ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले आणि वाद जिथे होता तिथेच राहिला.

आता मावसबहीण. तिचं म्हणणं मला आवडतं, कारण त्यात मी ज्या देशात राहतो तो शहाणा ठरतो. आखेनमध्ये माझ्या खालच्या मजल्यावर हीटिंगची कामं करणारे एक गृहस्थ राहतात, साठीचे. दर गुरुवारी ट्यूबा, म्हणजे पितळेचं भलंमोठं फुंकवाद्य, पाठीला लावून सायकलवरून म्युझिकफेराइनला, म्हणजे वादकांच्या मंडळाला जातात. गेली तीस वर्षं. शनिवारी दुपारी घरी वाजवतात, बरोबर एक वाजता थांबतात, रविवारी वाद्याला हात लावत नाहीत. फेराइनची नोंदणी करायला सात माणसं पुरतात, त्यामुळे या देशात कशाचंही फेराइन असतं. आणि मी आलो त्या 2013 साली आमच्या राज्यात आबिटुअरच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या होत्या, कारण शाळेचं एक वर्ष कापलं होतं. आईबाप भांडत राहिले की मुलांना वाद्याला, खेळाला वेळच उरत नाही. शेवटी राज्याने वर्ष परत दिलं. आपल्याकडे बारावीच्या क्लासविरुद्ध असं भांडणारा एक पालक दाखवा!

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. जे टाकलं नाही ते इथे सांगतो. माझ्या ऑफिसात आम्ही अकरा जण एका खोलीत बसतो. त्यांतल्या सहा जणांनी लहानपणी पियानो, व्हायोलिन किंवा बासरी शिकली होती. आज एकही वाजवत नाही. विचारलं की "फ्र्यूअर माल" म्हणतात, म्हणजे पूर्वी कधीतरी, आणि हसून कॉफी ओततात. वाद्य इथेही सुटतं. फक्त त्यावर दहा दिवस चर्चा होत नाही.

आणि दुसरी गोष्ट. खालचे गृहस्थ वाईट वाजवतात. तीस वर्षांत मार्चच्या फार तर चार धुना बसल्यात, तिसरीत दर वेळी त्याच जागी घसरतात. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात त्यांचं अख्खं पथक घसरतं आणि बिअर घेऊन उभे असलेले लोक मनापासून टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लाज वाटली, त्यांच्या वतीने. आमच्या सरांसमोर असं वाजवलं असतं तर हातोडी पायावर पडली असती.

माझा राग नेमका कशावर आहे ते मला इथे कळायला लागलं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं-वाजवणं संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून आणि घराण्यांच्या कुलपातून सामान्य घरात यावं, हा हेतू होता. आलं. त्याचीच एक पायरी म्हणून परीक्षा आल्या: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. माझ्यासारख्या कारकुनाच्या पोराला ताल लिपीत लिहिता यायला लागला तो या परीक्षांमुळे, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण शिडीवर माणूस एकतर चढतो नाहीतर उतरतो, मधल्या पायरीवर निवांत बसून राहायची सोय नाही. त्यात आता दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण. भाचीला ते मिळाले. पेढे वाटले. मिळाल्यावर तिच्या क्लासमधल्या निम्म्या मुलांनी नाव काढून घेतलं, असं ताई सांगत होती. वसुली झाली, खातं बंद. म्हणजे काकांना पुण्याचं निमित्त मिळालंय एवढंच. तबला हिशेबाने आधीच संपलेला आहे. एकतर झाकीरभाईंसारखं वाजवा, नाहीतर कपाटावर ठेवा. घरात बसून साधा केरवा बरा वाजवणाऱ्या इंजिनीअरला आपल्याकडे नावच नाही.

हे वाक्य ग्रुपवर टाकायला मी टाइप केलं आणि पुसलं. कारण तो इंजिनीअर मीच आहे, आणि मीही वाजवत नाही.

मास्टर्सच्या पहिल्या वर्षी आम्हाला कंपनशास्त्र होतं. प्राध्यापकांनी फळ्यावर गोल पडद्याच्या कंपनांची गुणोत्तरं लिहिली: 1, 1.59, 2.14, 2.30. आणि म्हणाले, बघा, वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत येत नाहीत, म्हणून ढोल सुरात बोलत नाही. मी हात वर केला. म्हटलं, आमचा तबला बोलतो. मधोमध शाई असते, लोहचूर्ण आणि खळ यांचे घोटून घोटून दिलेले थर, आणि त्या वजनाने वरचे स्वर पूर्णांकांच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी हे 1920 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलंय. वर्गात शांतता. त्या दिवशी माझी छाती किती फुगली ते सांगत नाही. पुढच्या आठवड्यात प्राध्यापकांनी वीस मिनिटं बोलायला दिली. सगळं झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, वाजवून दाखव ना. मी सांगितलं, वाद्य घरी आहे, सात-आठ किलोचं, विमानात वजनाची मर्यादा असते.

वजनाची मर्यादा खरी होती. 23 किलोच्या दोन बॅगा होत्या. त्यातल्या एकीत प्रेशर कुकर होता.

खरं असं की मध्यमा पूर्णच्या परीक्षेत दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजवताना मी तिच्या तिसऱ्या पलट्यातच, म्हणजे फेरबदलातच, सम (तालाची पहिली मात्रा) चुकलो होतो. पास झालो. बाहेर आल्यावर सर काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी बरोबरच्या मुलाला विचारलं, "तुझं विशारदचं काय ठरलं?" मला नाही विचारलं. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. नंतरची दोन वर्षं क्लासला जात राहिलो, आणि पुण्याचा प्रवेश पक्का झाल्यावर जे वाटलं त्याला मी इतकी वर्षं दुःख म्हणत आलोय. तो सुटकेचा निःश्वास होता. "अभ्यासासाठी सोडला" म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही, उलट चहा करून देतात.

मागच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी आरतीला मला तबल्यावर बसवलं. महाराष्ट्रातला आहे, येतच असेल, असा त्यांचा हिशेब. "सुखकर्ता"ला हात सापडेना, लय पळायला लागली. तेवढ्यात इथेच जन्मलेला एक चौदा वर्षांचा मुलगा शेजारी सरकला. मराठीत दोन वाक्यं धड बोलत नाही, पण ऑनलाइन शिकतो. मी डग्गा त्याच्याकडे ढकलला आणि टाळ घेतला. टाळ छान वाजवला, असं नंतर तिघांनी सांगितलं.

काल रात्री भाचीने ग्रुप सोडून मला एकटीने मेसेज केला. "मामा, तुझा तबला कुठे ठेवू?" तुझा. आईने तो तिला दिला होता, नवी पुडी, म्हणजे वरचं कातडं, बसवून घेतली होती, हे मला माहीत होतं. तरी दहा दिवस मी तिच्या तबल्यावर मतं देत होतो. ती आठ वर्षं रोज त्यावर बसलीय, आणि कपाटावर जायची वेळ आली की तो माझा.

पुण्याला घेऊन जा, असं लिहिणार होतो. मग आठवलं, हॉस्टेलच्या खोलीत तिघी राहणार, खोली दहा बाय बारा. घरीच राहू दे म्हणावं, तर तो काकांचा विजय. शेवटी विचारलं, "तुला न्यायचाय का?"

निळ्या खुणा आल्या. बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं, मग बंद झालं. सकाळी उठून पाहिलं तर उत्तर होतं: "माहीत नाही. पण मी सोडला तर तू कुणाला सांगू नकोस की अभ्यासासाठी सोडला."

मी तिला एवढंच कळवलंय की पावसाळा आहे, तोवर शाईला ओल लागू देऊ नकोस, चुंबळीसकट दुलईत गुंडाळून ठेव आणि कपाटावर नको, खाली ठेव.