तीन सर आणि एक स्मोक बॉल

व्यवसाय कायदा, वित्त व्यवस्थापन आणि मार्केटिंग हे तीन पेपर लागोपाठ ठेवणाऱ्याचं मी काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. पेपर अवघड आहेत अशी तक्रार नाही. अवघड पेपर आपण सोडूनच देतो. हे तिन्ही सुटे सुटे वाचले तर सोपे आहेत. लागोपाठ वाचले की एकमेकांना खोटं पाडतात आणि साक्षीला आपल्याला उभं करतात.

सुरुवात कायद्यापासून केली. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल... व्याख्या वाचता वाचता डोळा लागतो. पण व्याख्येखाली बारीक टाइपात खटला दिलेला असतो आणि तिथे झोप उडते. १८९१ साली इंग्लंडमध्ये कार्बोलिक स्मोक बॉल नावाची एक चीज विकायला होती. रबराचा चेंडू, आत कार्बोलिक ॲसिडची पूड. नळी नाकाशी धरायची, चेंडू दाबायचा आणि जे होईल ते सोसायचं. कंपनीने जाहिरात दिली: दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरा, तरीही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड घेऊन जा. आमची दानत खरी आहे हे दिसावं म्हणून १००० पौंड बँकेत ठेवलेत, हेही छापलं. लुईसा कार्लिल नावाच्या बाईंनी चेंडू घेतला, इमानेइतबारे नाकाशी धरला आणि इन्फ्लुएन्झाने अंथरूण धरलं. कंपनी म्हणाली, "अहो, जाहिरात ती! ती कोणी मनावर घेतं का?" अपील न्यायालय म्हणालं, बाईंनी घेतली. पैसे द्या.

या खटल्यावर मी पाच गुणांसाठी चार पानं लिहू शकतो. बाई पुढे ९६ वर्षांच्या होऊन १९४२ साली वारल्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत वार्धक्याबरोबर इन्फ्लुएन्झाही होता, हेसुद्धा. त्याचे गुण मिळत नाहीत, विचारून झालंय.

एवढी जमलेली गट्टी वित्ताचं पुस्तक उघडलं की फिसकटते. वित्ताला कार्लिलबाईंचं सोयरसुतक नाही. त्याची नजर थेट बँकेतल्या १००० पौंडांवर: एवढी रक्कम नुसती पडून? तिच्यावरचा परतावा कोण देणार? शिवाय पैशाचं कालमूल्य आहेच: आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा. उद्याचे पैसे आजच्या भावात मोजायच्या दराला सवलत दर म्हणतात; दहा टक्के सवलत दराने पाच वर्षांनी मिळणारे १०० म्हणजे आजचे जेमतेम ६२. म्हणजे बाई खटला जिंकल्या तरी न्यायालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत बक्षिसाला गळती लागलेलीच. कायदा म्हणतो न्याय मिळाला, वित्त म्हणतं किती सवलत दराने?

त्यात १९५८ साली मोदिलियानी आणि मिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी सिद्ध केलं की कंपनीने पैसा कर्जाने उभारला काय किंवा शेअर विकून उभारला काय, तिच्या मूल्यात फरक पडत नाही. वाचून मी हर्षाने पुस्तक मिटणार, एवढ्यात खालची अट दिसली: कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही आणि सगळ्यांना सगळी माहिती सारखीच आहे, असं धरून चाललं तर. असं जग असेल तर मला तिथेच प्रवेश द्या. उरलेलं निम्मं पुस्तक मग फरक का पडतो, हे समजावण्यात जातं.

मार्केटिंग त्या मानाने प्रेमळ. १९६० मध्ये मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी माल खपवायचे चार पी दिले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. सेवाक्षेत्रासाठी १९८१ मध्ये त्यांचे सात झाले. सातापुढचे पी आमच्या सरांनी वाढवले असावेत, असा मला दाट संशय आहे. स्मोक बॉलवाल्यांचं खरं कौतुकही याच विषयाने करावं. खटला हरल्यावर त्यांनी नवी जाहिरात काढली आणि बक्षीस २०० पौंड केलं! अटी मात्र या वेळी नीट वाढवल्या. कायदा शिकायचा तर असा शिकावा.

तोंडी परीक्षेला तिघेही सर एकाच टेबलामागे बसले होते. मार्केटिंगच्या सरांनी विचारलं, "कंपनीची सगळ्यात मोठी मालमत्ता कोणती?"

"ब्रँड, सर."

वित्ताचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताळेबंदात कुठे दिसतो, दाखव."

आता कंपनीने स्वतः वाढवलेला ब्रँड ताळेबंदात येतच नाही. दुसऱ्याचा पैसे मोजून घेतला तर येतो. स्वतः नाव कमावलं तर शून्य, विकत घेतलं तर मालमत्ता. मी हे सांगताच मार्केटिंगचे सर उसळले, "म्हणूनच तुमचे ताळेबंद कोणी वाचत नाही!" कायद्याच्या सरांनी शांतपणे "ट्रेडमार्क नोंदवलाय का?" एवढंच विचारून आगीत तेल ओतलं. पुढे माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी प्रकल्पवही सह्यांच्या पानावर उघडून हळूच पुढे सरकवली. भांडता भांडता तिघांनीही सह्या केल्या, आतलं एक पान न उलटता. न वाचता केलेली सहीही बंधनकारक असते, हे १९३४ सालच्या लेस्ट्रेंज विरुद्ध ग्रॉकॉब या सिगारेटच्या यंत्राच्या खटल्यात ठरलेलं आहे. कायद्याच्या सरांनीच शिकवलं होतं. मी वही काखेत मारली आणि दाराकडे सुटलो.