थंड बाजार आणि आमच्या पायऱ्या

बेसबॉल कार्डांवरच्या, म्हणजे खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं जमवण्यावरच्या, तुमच्या लेखात म्हटलंय की जून ते ऑगस्ट त्यांचा बाजार थंड असतो, तेव्हा विकायला काढू नका. विकणाऱ्यांचं ठीक आहे हो, पण अदलाबदलीला हेच दिवस लागतात. आम्ही न्यू जर्सीत राहतो. शाळा सुटली की मुलगा आणि शेजारची पोरं आमच्या पायऱ्यांवर कार्डांचे डबे उघडून बसतात. दुपारभर घासाघीस. तीन डुप्लिकेट देऊन एक रुकी कार्ड (खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातलं) घ्यायचं आणि संध्याकाळी फसलो म्हणून तोंड पाडायचं.

एक किस्सा लेखात हवा होता. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या संचात ४०७ कार्डं. ३११ नंबरपासूनची शेवटची मालिका दुकानांत उशिरा आली; तोवर बेसबॉलचा मोसम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. हा संच घडवणारे साय बर्जर सांगत, की १९६० मध्ये उरलेली खोकी त्यांनी बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. ३११ नंबर म्हणजे बेसबॉलचा दिग्गज मिकी मँटल! त्याचंच एक उत्तम राखलेलं कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. तेही ऑगस्टमध्ये, बरं का.

मी गराज सेलमधून आणलेलं १९९० च्या कार्डांचं खोकं मात्र कुणी फुकटही घेईना. त्या काळात कार्डं छापलीच इतकी. पाकिटात कार्डांसोबत आलेलं जुनं च्युइंगगम चिरंजीवांनी चाखून पाहिलं. पुढचं विचारू नका.